एकाच रुळावर धावणारा रोलर कोस्टर: पडत कसा नाही, आणि बसल्यावर नेमकं काय वाटतं?

खानापूर_लोंढा_पॅसेंजर

नमस्कार मंडळी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला हाय, बेळगावातच. मावशीचा पोरगा कॅलिफोर्नियात असतोय, त्यानं सांता क्लाराच्या ग्रेट अमेरिका पार्कातल्या रेलब्लेझरचा व्हिडिओ पाठवला आन् तेव्हापासून डोक्यात तेच फिरूलाय. दोन रूळ नाहीतच त्याला! एकच स्टीलची पट्टी, त्यावर एकामागं एक अशी आठ माणसं बसत्यात, पाय पट्टीच्या दोन्ही बाजूंना सोडलेले, आन् गाडी सरळ ९० अंशात खाली. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघूलोय, खरं चाकं कशी धरत्यात ते काय नीट दिसत नाही.

तर प्रश्न असा की एकाच रुळावर गाडी एका बाजूला कलंडत कशी नाही? आन् मुळात दोन रूळ चांगले चाललेले असताना एक करायची गरज काय पडली, पैसा वाचतोय की नुसतं दिसायला भारी? कुणी बसलं असेल तर तेही सांगा, खरोखर वेगळं वाटतं का. सेमिनारला हा विषय घ्यायचा विचार करूलोय, म्हणजे सरांनी "हे काय खेळणं घेऊन आलास" म्हणलं तर तोंडावर द्यायला कायतरी पाहिजे.

---

उद्यमबाग_फॅब्रिकेटर

विषय चांगला घेतलास की गा. सरांना सांग, यात स्ट्रक्चर हाय, डायनॅमिक्स हाय, फॅटिग हाय, वेल्डिंग हाय, अजून काय पाहिजे म्हणावं.

पहिल्यांदा कंपनी. रेलब्लेझर बनवणारी आरएमसी म्हणजे रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन, अमेरिकेत आयडाहो राज्यात हेडनला आहे. आधी ही माणसं जुन्या लाकडी कोस्टरवर स्टीलचा ट्रॅक चढवायच्या कामामुळं नावाजली, २०११ चा न्यू टेक्सास जायंट त्यातला पहिला. तिथं त्यांनी पाइप वाकवून रूळ करायची पद्धतच सोडली. नेहमीच्या स्टील कोस्टरला गोल पाइप असतोय, १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नपासून ते चालू झालं, आणि पाइप एकाच वेळी वर-खाली, डावी-उजवीकडं असा वाकवायचा म्हणजे काय डोकेदुखी असते ते पाइप बेंडिंग केलेल्यालाच विचारा. यांनी काय केलं तर सपाट प्लेटमधून पाहिजे त्या आकाराच्या पट्ट्या कापायच्या आणि जोडून वेल्ड करायच्या, वळण कापतानाच येतंय, वाकवायचं काम जवळजवळ राहतच नाही. आपल्याकडं सीएनसी कटिंग करून जिगवर टॅक मारून गर्डर करतात तेच तत्त्व, फक्त टॉलरन्स इतका कडक की आपल्या इथले निम्मे वेल्डर पळून जातील (मी धरून). तिथूनच पुढं रॅप्टर म्हणून हा एकपट्टी ट्रॅक आला. पहिले दोन २०१८ मध्ये चालू झाले, टेक्सासात सॅन अँटोनियोच्या सिक्स फ्लॅग्ज फिएस्टा टेक्सासमध्ये वंडर वुमन गोल्डन लॅसो, आणि तू म्हणतोस तो रेलब्लेझर.

आता कलंडायचं. चाकांचे तीन संच असतात, एक वरून वजन घेणारा, एक बाजूनं दाबणारा, एक खालून धरणारा. म्हणजे गाडी पट्टीवर नुसती ठेवलेली नाही, पट्टीला चहूकडून पकडून आहे, उलटी केली तरी सुटत नाही. दोन रुळांच्या कोस्टरलाही हेच तीन संच असतात, त्यामुळं "पडणार नाही ना" हा प्रश्न एक रूळ असो की दोन, सारखाच.

खरा प्रश्न पिळाचा आहे, म्हणजे टॉर्शनचा. शेजारी-शेजारी दोन माणसं बसवली आणि एक पन्नास किलोचा, एक शंभरचा, तर वजन मध्यावरून जात नाही, एका बाजूला पडतं, आणि रूळ एकच असेल तर तो सगळा पीळ त्या एका बीमला खायला लागतो. उघडा आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी I आकाराचा बीम, वाकायला दणकट असतो खरं पिळाला लई कच्चा, हे तू दुसऱ्या वर्षाला शिकलाच असशील. म्हणून माणसं एकामागं एक. सगळ्यांचं वजन बरोबर मध्यरेषेवर. ही स्टाइल नाही गा, गरज आहे. वळणावर ट्रॅक असा कलवतात की गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर मिळून जो एकूण जोर होतो तो सीटमधून सरळ पट्टीतच उतरला पाहिजे. वेग ठरल्यापेक्षा थोडा कमी-जास्त झाला तर जो काय उरलेला पीळ तो बाजूची चाकं आणि बीम खाणार, आणि त्यासाठी आधाराचे खांब जवळजवळ. व्हिडिओत खांब किती दाट आहेत बघ, दोन रुळांच्या मोठ्या कोस्टरशी लावून बघ.

---

सनीवेलचा_बेळगावकर

मी बसलोय रेलब्लेझरवर. ऑफिसपासून पार्क जवळ आहे, उन्हाळ्यात पास काढला की संध्याकाळी चक्कर होतेच.

आकडे आधी सांगून टाकतो, उंची १०६ फूट, लांबी १८०० फूट, वेग ताशी ५२ मैल म्हणजे ८४ किलोमीटरच्या आसपास, तीन वेळा उलटं. आकडे वाचून तुम्ही म्हणाल यात काय विशेष, आणि कागदावर खरंच नाही. आमच्या ग्रुपमधला एकजण रांगेत उभा राहून हेच म्हणत होता, उतरल्यावर दहा मिनिटं बोललाच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बसायलाच विचित्र वाटतं. सीट एकदम खाली, तुमच्या शेजारी कोणी नाही, डावीकडे हवा उजवीकडे हवा, हात धरायला कुणाचा हात नाही (बायको या एका कारणासाठी परत बसली नाही). खांद्यावरून येणारं हार्नेस नाही, फक्त मांडीवर बार. त्यामुळे वरचं अंग पूर्ण मोकळं. चढ चढताना खाली बघितलं तर पट्टी, जेमतेम सव्वा फूट रुंद, तुमच्या स्वतःच्या खांद्यांपेक्षा अरुंद, आणि तिच्या दोन्ही बाजूंना थेट जमीन. मोठ्या कोस्टरवर चढताना निदान खाली ट्रॅकचा सांगाडा दिसतो, मधल्या आडव्या पट्ट्या दिसतात, मनाला बरं वाटतं. इथे काहीच नाही.

वर गेल्यावर छोटं वळण आणि मग नाक सरळ जमिनीकडे. पहिल्या सीटवर बसलात तर समोर अक्षरशः काही नाही, गाडी टोकावर अडखळल्यासारखी रेंगाळते आणि मग सोडते. शेवटच्या सीटवर उलटं, पुढची माणसं आधीच खाली गेलेली असतात आणि ती तुम्हाला खेचून नेतात, ढुंगण सीटवरून उठतं ते खालपर्यंत टेकत नाही. खानापूर रोडला एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून स्पीडब्रेकर घेतलाय ना, तो क्षण घ्या आणि तो संपतच नाही असं समजा.

त्यानंतर सगळं इतकं पटापट होतं की तीन वेळा उलटे कधी झालो ते मोजता येत नाही. आणि झटका नाही, हे मला सगळ्यात नवल वाटतं. जुन्या पार्कांमधल्या कोस्टरवर कान-मान आपटून घेतलेत मी, इथे पलटी मारताना डोकं जिथल्या तिथे राहतं आणि जगच फिरतं. असं का होतं ते उद्यमबागवाले सांगतील.

---

निपाणी_हायवे

सगळं ठीक आहे हो, खरं मला हे थोडं मार्केटिंग वाटतंय. खोपोलीच्या इमॅजिकामधल्या नायट्रोवर मी बसलोय, २०१३ पासून चालू आहे, स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबियार्ड कंपनीचा फ्लोअरलेस (पायाखाली तळ नसलेला), पाच वेळा उलटा करतो, उंचीही याच्यापेक्षा जास्त. एका रांगेत चौघं बसतात. मित्र बाजूला असले की ओरडण्यात मजा असती. एकट्यानं बसून काय ओरडणार?

आणि धंद्याच्या बाजूनं बघा. एका गाडीत आठ माणसं. धरा मिनिटाला एक गाडी सोडली, तरी तासाला ४८०. सुट्टीच्या दिवशी पार्कात हजारो माणसं, त्यांनी काय रांगेतच डबे उघडून जेवायचं? आपल्याकडं कोण पार्कवाला असला कोस्टर आणणार नाही, आणला तर दिवाळीच्या सुट्टीत रांग थेट एक्सप्रेसवेपर्यंत येईल.

---

उद्यमबाग_फॅब्रिकेटर

निपाणीकर, क्षमतेचा मुद्दा एकदम बरोबर, त्याला माझ्याकडं उत्तर नाही आणि कंपनीलाही तो कळलाय. २०२१ ला न्यू जर्सीत जर्सी डेव्हिल आला त्यात गाडीत आठच्या जागी बारा माणसं केली आणि गाड्या चार ठेवल्या. तुमच्याच हिशोबानं ७२० होतात. तरी कमीच म्हणा.

मार्केटिंग मात्र नाही. "डोकं जिथल्या तिथे राहतं" हे सनीवेलवाल्यांनी लिहिलंय ना, त्याचा हिशोब मांडतो, खानापूर, तू हे सेमिनारला घे.

गाडी स्वतःभोवती अर्धा फेरा एका सेकंदात घेते असं धर. म्हणजे कोनीय वेग π (३.१४) रेडियन प्रति सेकंद. फिरण्याच्या अक्षापासून तू जितका लांब तितका तुला बाहेर फेकणारा जोर जास्त, ओमेगा वर्ग गुणिले आर (ओमेगा म्हणजे कोनीय वेग, आर म्हणजे ते अंतर). चौघांच्या रांगेत बाहेरच्या सीटवाला मध्यापासून साधारण एक मीटरवर असतो असं समज, तर ९.८७ गुणिले १, म्हणजे जवळजवळ एक जी, गुरुत्वाकर्षणाएवढा जोर, तोही आडवा! आपल्या शरीराला खाली दाबणारा जोर चालतो, आडवा चालत नाही, मान तिथंच आपटते. म्हणून चौघांच्या कोस्टरमध्ये पलट्या सावकाश, मोठ्या ऐसपैस काढाव्या लागतात, नायट्रोच्या पलट्या आठवून बघा. आता एकामागं एक बसवलं की तो आडवा आर शून्य. राहतं फक्त पट्टीपासून छातीपर्यंतचं वरचं अंतर, आणि ते डिझायनर आधीच धरतो, फिरण्याचा अक्ष पट्टीतून न नेता माणसाच्या छातीतून नेतो, म्हणजे माणूस जागेवर आणि पट्टी त्याच्याभोवती फिरते. याला हार्टलाइन म्हणतात. दोन रुळांच्या कोस्टरलाही ते करतातच, फक्त तिथं बरोबर अक्षावर कोणीच बसलेलं नसतं, एक डावीकडं असतोय एक उजवीकडं, कुणालातरी त्रास होणारच. इथं आठही जण अक्षावर. म्हणून पलटी झटपट घेता येते, तेवढ्याच लांबीत जास्त प्रकार बसतात. १८०० फुटांत तीन पलट्या आणि वर बाकीचे उड्या-वळणं, ते असं जमलंय.

जागेचाही फायदा आहे. गाडी अरुंद म्हणजे तिच्याभोवती मोकळी सोडायची जागाही अरुंद, ट्रॅक स्वतःच्याच खालून वरून गुंडाळता येतो. फिएस्टा टेक्सास पार्क मुळात चुनखडीच्या जुन्या खाणीत आहे, तिथं तो गोल्डन लॅसो खाणीच्या कड्याला लागून बसवलाय.

---

खानापूर_लोंढा_पॅसेंजर

बाप रे, हे तर आख्खं सेमिनारच झालं, थँक्यू दादा. एक शंका, मी वेगाचा हिशोब करून बघितला. १०६ फूट म्हणजे ३२.३ मीटर, दोन जी एच चं वर्गमूळ काढलं तर सेकंदाला २५ मीटर येतंय, म्हणजे ताशी ९०. खरं ते ८४ सांगत्यात. फरक कुठं गेला? आन् माणसं जाड बसली तर वेग वाढतोय का?

---

उद्यमबाग_फॅब्रिकेटर

फरक दोन ठिकाणी. एक, तू आख्खी उंची धरलीस, गाडी काय जमिनीला टेकत नाही, खालचं वळण जमिनीच्या जरा वर असतं आणि तेवढी उंची वजा होते. दोन, चाकांचं घर्षण आणि हवा. वजन सूत्रातून कटतं, त्यामुळं कागदावर जाड-बारीक सारखेच. प्रत्यक्षात भरलेली गाडी रिकामीपेक्षा थोडी जोरात जाते, कारण हवेचा अडथळा जवळपास तेवढाच आणि वजन जास्त. सकाळी थंडीत गाडी जरा आळशी असते, दुपारी चाकं तापली की सुटते, हे चाकांच्या पॉलियुरेथेनमुळं. आठ माणसांच्या गाडीत हा फरक जास्त जाणवणार, कारण गाडीच हलकी.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

मी साठीचा माणूस, बसणार नाही हे आधीच सांगतो, खरं वाचायला मजा आली म्हणून लिहितोय.

खालून धरणारी चाकं म्हणालात ना, ती काय आजची नव्हेत. जॉन मिलर म्हणून अमेरिकन होता, त्यानं १९१९ साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा कोस्टर लाकडीच असायचे. त्याच्याआधी ट्रॅकच्या उंचवट्यावर गाडी उडाली तर उडाली. त्या एका चाकामुळं पुढचे सगळे उभे उतार आणि पलट्या जमल्या. मी रेल्वेत काढलेला माणूस असल्यानं दुसरी एक गोष्ट मला जास्त आवडती, ब्लॉक. ट्रॅकचे तुकडे पाडलेले असतात, एका तुकड्यात एकाच वेळी एकच गाडी, पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी चढाच्या टोकावरून सोडायचीच नाही, ब्रेक आपोआप धरतो. हे सरळ आमच्या रेल्वेच्या ब्लॉक सिग्नलचं तत्त्व आहे. खानापूर, सेमिनारला हे घाल, सर खूश होतील.

आणि पोरांनो, घाबरायचं असेल तर जत्रेतल्या पाळण्याला घाबरा. रातोरात उभा करतात, खाली लाकडाचे ठोकळे लावून लेव्हल काढतात, पिनला पिन नसली तर खिळा. आमच्या शेजारच्या गावच्या जत्रेत मी स्वतः बघितलंय, विचारलं तर तो पाळणेवाला म्हणतोय, "काका, काय होत नाही ओ." पार्कातल्या कोस्टरवर रोज सकाळी माणसं ट्रॅक तपासतात, रिकाम्या गाड्या फिरवून बघतात, मग तुम्हाला बसवतात.

---

सनीवेलचा_बेळगावकर

काका, पूर्ण सहमत. जत्रेतल्या पाळण्यावर मीही आता बसत नाही, इथे ९० अंशात पडायला रांग लावतो.

निपाणीकर, एकट्यानं ओरडण्याचं म्हणालात. खरं सांगू, ओरडायलाच वेळ मिळत नाही. पण तुमचा मुद्दा अर्धा पटला मला. लॉस एंजेलिसच्या बाजूला सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनमध्ये वंडर वुमन फ्लाइट ऑफ करेज आहे, २०२२ चा, तोही एकपट्टी, त्याची उंची १३१ फूट आणि लांबी ३३०० फूट, ताशी ५८ मैल. कागदावर रेलब्लेझरपेक्षा सगळंच जास्त. दोन्हीवर बसल्यावर मला मात्र छोटाच आवडला. मोठ्यात पलट्या ऐसपैस काढल्यात, गाडी लांब, त्यामुळे छान तरंगल्यासारखं होतं, निवांत आहे. रेलब्लेझर निवांत अजिबात नाही. एकपट्टीचा जो काय खास गुण आहे, तो म्हणजे अंगाला चिकटून पटकन फिरणं, तो लांबी-उंची वाढवली की पातळ होतो असं माझं मत. इथले कोस्टरवेडे माझ्याशी भांडतात यावरून, भांडू देत.

जर्सी डेव्हिलवर बसायचं राहिलंय, त्यात स्टॉल म्हणून प्रकार आहे, गाडी उलटी होऊन तशीच उलटी बराच वेळ पुढे जाते, लगेच सरळ होत नाही. मांडीवरच्या त्या एका बारवर लटकून. तिकडचे मित्र म्हणतात तिथे पोट मोकळं होतं.

---

निपाणी_हायवे

पोट मोकळं करायला न्यू जर्सीला कशाला जायचं, आमच्या हायवेला या.

आडव्या जोराचा हिशोब पटला उद्यमबागवाले. नायट्रोवर मी बाहेरच्या सीटवर बसलो होतो तेव्हा मजा जास्त आली हे मात्र सांगतो. बाहेरचा माणूस जास्त फेकला जातो म्हणता, आम्हाला तेच पाहिजे असतंय की! अक्षावर बसून जग फिरताना बघायचं असेल तर टीव्ही बघतो घरी.

---

उद्यमबाग_फॅब्रिकेटर

हाहा, मग तुम्हाला पलटीच्या मधोमध चौथ्या सीटवर बसवून वर हार्नेस ढिलं ठेवतो. आवडीला हिशोब नसतो, खरं नायट्रोची पलटी एका सेकंदात नाही, सावकाश आहे, म्हणून ते फेकणं गोड लागतंय. तीच पलटी निम्म्या वेळात घेतली तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो, वर्ग आहे तिथं. मग बोला.

---

खानापूर_लोंढा_पॅसेंजर

सरांना विचारलं आज. पहिल्यांदा हसले, मग म्हणले टॉर्शनचा भाग पुढं घे आन् एक मॉडेल करून आण, उघडा सेक्शन आन् बंद पेटी सेक्शन दोन्हीला पीळ देऊन दाखव. दादा, तुमच्या शॉपमध्ये दोन-तीन मिलीच्या पत्र्याचे असे दोन तुकडे वेल्ड करून मिळतील का, एकेक मीटरचे? पैसे देतो. आन् वर्गातली पोरं आता इमॅजिकाला जायचं म्हणूलालीत, नायट्रोला कुठली सीट धरायची?

---

निपाणी_हायवे

शेवटची रांग, डावीकडची बाहेरची. सुट्टी सोडून मधल्या वारी जावा, आणि आधी नायट्रो, मग जेवण. उलटं करू नका.

---

उद्यमबाग_फॅब्रिकेटर

पैसे नको, शनिवारी ये दुपारनंतर, मशीन मोकळं असतंय. ड्रॉइंग मात्र स्वतः करून आण, डायमेन्शनसकट. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

ब्लॉक विसरू नको.